बागेसाठी शोभेचं झाड निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी झाड ठरवायचं की जागा?

जागा. तीही आकड्यांत. नर्सरीत जाण्याआधी टेप घेऊन बागेत उभे राहा. घराची भिंत किती फुटांवर आहे, कुंपण किती लांब, डोक्यावर विजेची तार किती उंचीवर, आणि जमिनीखालून पाण्याची किंवा सांडपाण्याची नळी कुठून जाते, एवढं कागदावर उतरवा. हे चार आकडे हातात असले की नर्सरीतली निम्मी झाडं आपोआप बाद होतात.

भोगून सांगतोय. माझ्या पहिल्या बागेत मी कमरेएवढा गुलमोहर भिंतीपासून आठ फुटांवर लावला होता. तेव्हा त्या दोघांच्या मधून हातगाडी आरामात जायची. सातव्या वर्षी त्याची एक फांदी रात्रीच्या वाऱ्यात गच्चीच्या कठड्यावर घासू लागली. पन्हळीत त्याची तांदळाएवढी पानं साचून पाणी तुंबू लागलं. बाराव्या वर्षी, ऐन भरात आलेलं झाड तोडावं लागलं. गुलमोहर उंचीला 30-40 फूट जातो आणि आडवा त्याहूनही जास्त पसरतो. ही माहिती काही गुप्त नव्हती, मीच विचारली नव्हती.

लेबलवर लिहिलेली उंची खरी मानायची का?

अर्धी. पुष्कळदा ती पहिल्या दहा वर्षांची उंची असते. झाड त्यानंतर वाढायचं थांबत नाही. विक्रेत्याला 'किती वाढेल?' असं विचारू नका. 'वीस वर्षांनी याची उंची किती आणि पसारा किती?' असं विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर त्याच जातीचं जुनं झाड एखाद्या उद्यानात जाऊन पाहा आणि त्याच्या सावलीचा व्यास पावलांनी मोजा. याहून भरवशाचं लेबल नाही.

'ड्वार्फ' किंवा 'बुटकी जात' या शब्दांनी हुरळून जाऊ नका. ड्वार्फ म्हणून विकली जाणारी कित्येक झाडं, विशेषतः सूचिपर्णी, बुटकी नसतात, फक्त हळू वाढतात.

भिंतीपासून नेमकं किती अंतर ठेवायचं?

माझा हिशेब साधा आहे: पूर्ण वाढीच्या पसाऱ्याचं निम्मं, अधिक तीन-चार फूट. म्हणजे 15 फूट पसरणाऱ्या लहान झाडाला दहा-अकरा फूट, 30 फूट पसरणाऱ्याला 18-19 फूट. वड, पिंपळ, उंबर आणि एकूणच फायकस कुळातली मंडळी या हिशेबात बसत नाहीत. ती घराच्या बागेत नकोतच. कुंडीतून आणलेला आणि कापून छान गोल ठेवलेला फायकस बेंजामिनासुद्धा जमिनीत गेला की आपलं मूळ दाखवतो, दोन्ही अर्थांनी.

मुळं पाया फोडतात, पाइप फोडतात, हे खरं आहे का?

लोक समजतात त्या पद्धतीनं नाही. झाडाची बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्या बाहेर, कितीतरी लांबपर्यंत पसरतात. वर जेवढं झाड तेवढंच खाली उलटं, हे शाळेच्या पुस्तकातलं चित्र डोक्यातून काढून टाका. धड असलेला पाइप मुळं सहसा फोडत नाहीत. सांध्यातून पाणी झिरपत असेल तर तो ओलावा हेरून केसाएवढं मूळ आत शिरतं आणि मग आत फुगतं. गळती आधीची असते, आळ झाडावर येतो.

पायाचा खरा त्रास चिकण मातीत होतो. अशी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. मोठं झाड उन्हाळ्यात तिच्यातलं पाणी ओढून घेतं, जमीन बसते आणि भिंतीला तडा जातो. फरसबंदी उचलली जाते ती मात्र मुळांच्याच जाडीनं. वरवर पसरणाऱ्या मुळांची झाडं पायवाटेशेजारी नकोत, आणि गुलमोहर त्यातला अग्रणी आहे.

शोभेचं झाड म्हणजे फुलांचंच झाड का?

या प्रश्नावर थोडं थांबू, कारण निवड चुकते ती इथेच. बहुतेक जण झाड विकत घेतात ते बहरात असताना. पण बहर टिकतो दोन ते चार आठवडे. चेरीचा तर एखाद्या पावसानं आठवडाभरातच उतरतो. उरलेले अकरा महिने तुमच्यासमोर पानं, खोड, फांद्यांचा आकार आणि सावली एवढंच असतं. म्हणून मनातल्या मनात फुलं काढून टाका आणि विचारा, हे झाड मला तरीही आवडलं असतं का?

चाफा या परीक्षेत सहज पास होतो. पानगळ झाल्यावर त्याच्या जाड, बोथट फांद्या एखाद्या शिल्पासारख्या दिसतात. क्रेप मर्टल हा ताम्हणाचा लहान भाऊ. त्याची साल पापुद्र्यांनी सुटते आणि आतून गुळगुळीत, बदामी-करड्या रंगाचं खोड उघडं पडतं. हात फिरवून पाहिल्याशिवाय राहवत नाही. अर्जुनाची पांढुरकी साल, बकुळीचा बांधेसूद गर्द माथा, जपानी मेपलची बोटं पसरल्यासारखी पानं, ही सगळी शोभाच. बहावा मात्र बहरात स्वर्ग आणि एरवी अगदी साधं झाड. तो लावावा, पण दिवाणखान्याच्या खिडकीसमोरची एकुलती एक जागा त्याला देऊ नये.

बाग लहान आहे, 20 बाय 20 फुटांची. काय लावता येईल?

एकच झाड, पण नीट निवडलेलं. उबदार हवेत पारिजातक, चाफा किंवा कांचन. पारिजातकाची फुलं रात्री उमलतात आणि पहाटे गळतात. तो अशा ठिकाणी लावा जिथे सकाळी तुमचं पहिलं पाऊल पडतं. संध्याकाळी पाहुण्यांना दाखवायला त्याच्याकडे काहीच नसतं. फुलांचा सडा पडू द्यायचा असेल तर खाली फरशीऐवजी माती किंवा हिरवळ ठेवा. फरशीवर त्याच्या केशरी देठांचे डाग पडतात.

कांचनाला चपट्या शेंगा लागतात, त्या तडकतात आणि बागभर रोपं उगवतात. याला तोड म्हणजे हाँगकाँगच्या झेंड्यावर ज्याचं फूल आहे तो संकरित कांचन. तो वांझ आहे, शेंगा धरतच नाही. त्याचं प्रत्येक झाड कलमानं किंवा छाटानं वाढवलेलं असतं. थंड हवेत जपानी मेपल किंवा क्रॅबॲपल. शंकासुर हे खरं तर मोठं झुडूप, पण खालचे फुटवे काढत गेलात तर दहा फुटांचं देखणं झाड होतं.

जागा भरपूर आहे, तर?

बहावा, ताम्हण, जॅकरांडा, गुलमोहर. दाट सावली हवी असेल तर बकूळ, पण ती सावकाश वाढते. सोनचाफ्याचं नाव प्रत्येक जण काढतो, म्हणून सांगतो: जमिनीत मोकळा सोडलेला सोनचाफा शंभर फुटांचाही वृक्ष होऊ शकतो आणि मग फुलं शेंड्याला, वास शेजाऱ्यांना. कलमी घ्या, लवकर फुलतो, आणि दरवर्षी थोडा आवरत राहा.

सप्तपर्णीचा वास चांगला की वाईट?

लांबून चांगला. झोपायच्या खोलीच्या खिडकीशी असेल तर बहराच्या दिवसांत काहींचं डोकं धरतं. वृक्षही मोठा होतो. लहान बागेत नाही.

वर्षभर फुलणारं झाड कोणतं?

असं झाड शोधत बसण्यापेक्षा वेगवेगळ्या वेळी फुलणारी दोन-तीन लावा. एक संपलं की दुसरं सुरू होईल अशी.

फोटोत पाहिलेलं चेरीचं झाड माझ्या उष्ण हवेत फुलेल का?

नाही. चेरी, सफरचंद, पीच या मंडळींना हिवाळ्यात काहीशे तास थंडी लागते, साधारण 7 अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा खाली. ती मिळाली नाही तर कळ्यांची झोप उडत नाही. झाड जगतं, पण फुटतं कसंतरी, अर्धवट. उलट बाजूही तशीच आहे. जॅकरांडा, गुलमोहर, चाफा यांना हिमकडाका सोसत नाही. जॅकरांडाचं कोवळं रोप तर एका रात्रीत काळं पडतं.

शरदातल्या लाल-केशरी पानांचंही हेच. तो रंग चढायला दिवसा ऊन आणि रात्री गारवा दोन्ही लागतात. त्याच मेपलची पानं कडक उन्हाच्या प्रदेशात कडेनं भाजून तपकिरी होतात. चेरीचं दुःख करण्याऐवजी उष्ण हवेत गुलाबी टबेबुया पाहा. पानं गळाल्यावर संपूर्ण झाड फुलांनी भरतं, आणि दुरून पाहणारा फसतोच.

माती कशी तपासायची? प्रयोगशाळा हवीच का?

निचरा तरी घरीच कळतो. एक फूट खोल खड्डा खणा, पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी पातळी तासाला एक-दोन इंच उतरली तर उत्तम. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच दिसलं तर तिथे चाफा लावू नका, मुळं कुजतील. अशा जागी थोडा उंचवटा करून त्यावर लागवड करा. अर्जुन निसर्गात नदीकाठी वाढतो, त्याला ओल चालते. नवी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या दिसत असतील तर बहुधा माती चुनखडीची आहे आणि झाडाला लोह उचलता येत नाही. आम्लधर्मी माती मागणारी मॅग्नोलिया, कॅमेलिया अशा मातीत कायम आजारीच दिसतात.

घर गार राहावं म्हणून कुठल्या बाजूला लावू?

पश्चिमेला. दुपारनंतरचं तिरकं ऊन भिंतीला सर्वांत जास्त तापवतं, आणि ते छपरानं नाही, झाडानंच अडतं. हिवाळा कडक असेल तर पानगळीचं झाड घ्या, उन्हाळ्यात सावली देईल आणि थंडीत ऊन आत सोडेल.

पालापाचोळा फार पडेल का?

पडेल. 'सदाहरित' म्हणजे पानं न गळणारं, हा गैरसमज आहे. ते थोडी थोडी वर्षभर गाळतं. पानगळीचं झाड एकदाच काय ते मोकळं करतं, झाडून घ्यायला तेच बरं. खरा प्रश्न खाली काय आहे हा. कैलासपतीची फळं तोफगोळ्याएवढी आणि तितक्याच गांभीर्यानं पडतात. त्याखाली गाडी नको, बाकडं नको, मुलांचा झोपाळा तर नकोच. रॉयल पामचं एक वाळलेलं पान काही किलोंचं असतं. गिंको देखणं, पण मादी झाडाच्या बियांच्या गराला नासक्या लोण्याचा वास येतो, म्हणून नर झाडाचं कलम मागून घ्यावं.

घरात लहान मुलं आणि कुत्रा आहे. कोणती झाडं टाळावीत?

कण्हेर आणि बिट्टी आधी. दोन्हींच्या सर्व भागांत हृदयावर परिणाम करणारं विष असतं, आणि बिट्टीचं फळ मुलांना खेळायला घ्यावंसं वाटेल अशाच आकाराचं असतं. थंड प्रदेशात लॅबर्नम, म्हणजे पिवळ्या झुबक्यांचं ते झाड. त्याच्या शेंगांतल्या बिया विषारी असतात. दिसायला ते बहाव्यासारखं, त्यामुळे नावांचा घोळ होतो. चाफ्याचा चीक त्वचेला झोंबतो, छाटताना हातमोजे घाला. काट्यांचं झाड वाटेशेजारी नको, हे सांगायला नकोच.

देशी झाडच लावायला हवं का?

माझं मत: जमलं तर देशी, पण परदेशी म्हणून कुठल्याही झाडाला गुन्हेगार ठरवू नका. गुलमोहर मादागास्करचा, चाफा मेक्सिको आणि कॅरिबियनकडचा, जॅकरांडा दक्षिण अमेरिकेचा. त्यांनी जगभरच्या बागा सजवल्या. विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: हे झाड माझ्या कुंपणाबाहेर पळून जातं का? स्पॅथोडियाची पंख असलेली बी वाऱ्यावर उडते, सुबाभूळ शेंगांनी शेतं व्यापते. जगातल्या सर्वांत त्रासदायक 100 आक्रमक प्रजातींच्या यादीत ही दोन्ही आहेत.

अमेरिकेतल्या ब्रॅडफर्ड पेअरची गोष्ट मला फार बोलकी वाटते. 1960च्या दशकात बाजारात आलेलं हे पांढऱ्या फुलांचं झाड वांझ समजलं जायचं, कारण स्वतःच्याच परागांनी त्याला फळ धरत नाही. मग त्याच प्रजातीच्या दुसऱ्या जाती शेजारी लागल्या, परागीभवन झालं, पक्ष्यांनी बिया नेल्या आणि ते रानोमाळ उगवलं. शिवाय फांद्या खोडाला इतक्या अरुंद कोनात फुटतात की वादळात झाड मधोमध उभं चिरतं. ओहायो राज्यानं 2023पासून त्याची विक्रीच बंद केली.

पक्षी-फुलपाखरं हवी असतील तर एकेरी पाकळ्यांची जात निवडा. भरगच्च दुहेरी फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, मधमाशीच्या हाती फारसं लागत नाही. अर्थात चाफा एकेरी असूनही बनेल. त्याच्या फुलात मध नसतोच, नुसत्या वासावर तो रात्रीच्या पतंगांना फसवून काम करून घेतो.

अशोक मागितला आणि उंच सरळ हिरवा खांब मिळाला. फसवलं का?

नावानं फसवलं. तो खांब म्हणजे आसुपालव, खोटा अशोक. अरुंद जागेत पडद्यासारखा लावायला तो चांगला. खऱ्या, म्हणजे सीतेच्या अशोकाला केशरी-लाल गुच्छ येतात, थोडी सावली आणि ओलावा लागतो. पुढच्या वेळी शास्त्रीय नाव लिहूनच न्या.

नर्सरीत रोप कसं पारखायचं?

वरचं सगळे पाहतात, तुम्ही खालचं पाहा. रोप पिशवीतून किंवा कुंडीतून हलकेच काढून दाखवायला सांगा. मुळं गोल गोल फिरून दोरीच्या गुंडाळीसारखी झाली असतील तर परत ठेवा. जमिनीत लावल्यावरही ती तशीच गोल वाढतात आणि दहा-पंधरा वर्षांनी जाड होऊन खोडाचाच गळा आवळतात. झाड वरून वाळत जातं आणि मालक पानांवर औषध फवारत बसतो.

मग बुंधा पाहा. खोड मुळांना मिळतं तिथे किंचित रुंद व्हायला हवं. ते सरळ काठीसारखं मातीत शिरत असेल तर रोप आधीच खोल पुरलेलं आहे. आणि सर्वांत मोठं रोप घ्यायचा मोह आवरा. लहान पिशवीत उभं राहिलेलं आठ फुटी रोप नव्या जागी दोन-तीन वर्षं रुसून बसतं. तोवर शेजारी लावलेलं तीन फुटी रोप त्याला गाठतं. बहाव्यासारख्या सोटमुळाच्या झाडाला तर कोवळ्या वयातच जमीन दाखवावी.

खड्डा किती मोठा?

रुंद, खोल नव्हे. रुंदी मुळांच्या गोळ्याच्या दोन-तीन पट, खोली गोळ्याएवढीच. खाली भुसभुशीत माती भरली की ती बसते, झाड खाली जातं आणि बुंध्याशी पाणी साचतं. लावून झाल्यावर बुंध्याचा तो रुंद भाग जमिनीच्या वर दिसला पाहिजे. खड्ड्यात निघालेलीच माती परत भरा. निव्वळ खतमातीनं भरलेला खड्डा ही झाडाला जमिनीतली कुंडीच वाटते, मुळं बाहेर जायला बघत नाहीत. खत वरून आच्छादनात द्या.

आळ्यात पालापाचोळ्याचं दोन-चार इंच आच्छादन करा, पण बुंध्यापासून तळहाताएवढी जागा मोकळी ठेवून. बुंध्याला टेकवून रचलेला ढीग साल कुजवतो. आधाराची काठी लागलीच तर खोडाच्या खालच्या एक-तृतीयांश भागात सैल बांधा आणि वर्षानं सोडा. वाऱ्यात डोलल्यानंच खोड जाड होतं. काठी विसरली की दोरी सालीत रुतते. मी तशी रुतलेली नायलॉनची दोरी चिमट्यानं धाग्याधाग्यानं काढलेली आहे.

पाणी रोज घालायचं का?

पहिले काही आठवडे जवळपास रोज, मग अंतर वाढवत न्या. रोज तांब्याभर पाण्यानं मुळं वरच राहतात. आठवड्यातून एक-दोनदा आळं भरून, पाणी खोल जिरेल असं द्या. आळंही दरवर्षी बाहेर सरकवा, पिणारी मुळं बुंध्याशी नसतात.

झाड हिरवंगार आहे, पण फुलतच नाही. का?

वय, ऊन, खत, कात्री, याच क्रमानं तपासा. बियांपासून वाढलेला सोनचाफा किंवा बहावा कितीतरी वर्षं घेतो. फुलझाडाला दिवसाला सहा तास तरी ऊन हवं. शेजारच्या हिरवळीला टाकलेला युरिया झाडालाही लागतो आणि ते नुसतं पानांवर जातं. आणि कात्री: क्रेप मर्टल नव्या फुटीवर फुलतो, त्याला हिवाळ्याअखेरीस छाटलं तरी चालतं. मॅग्नोलिया आणि चेरी मागच्या वर्षी धरलेल्या कळ्यांवर फुलतात, त्यांना बहर संपल्याबरोबर छाटा. चाफ्याचं फूल फांदीच्या टोकाला येतं, टोकं उडवलीत की हंगाम गेला.

छाटणीनंतर जखमेला रंग किंवा डांबर लावायचं ना?

नाही. अमेरिकेच्या वनखात्यातले ॲलेक्स शिगो यांनी हजारो खोडं उभी चिरून पाहिली. झाड जखम भरून काढत नाही, तिच्याभोवती आतून भिंती बांधून तिला बंदिस्त करतं, हे त्यांनी दाखवलं. डांबराखाली ओल कोंडते, बुरशीला घर मिळतं. फांदी खोडाला मिळते तिथे सुजल्यासारखी कॉलर असते. तिच्या लगेच बाहेर कापा. खोडाला चिकटून नाही, आणि खुंट ठेवूनही नाही. शेंडा छाटून झाड बुटकं करणं हा तर छळ आहे. खाली झाडूसारखे कमकुवत फुटवे येतात आणि दोन वर्षांत उंची परत तेवढीच होते.

पामची गोष्ट आणखी निराळी. त्याला वाढीचा एकच कोंब असतो. तो कापला की त्या खोडाचा विषय संपला.

झाड चुकीच्या जागी लावलंय हे आता कळलं. काय करू?

दोन-तीन वर्षांचं असेल तर हलवा. काही महिने आधी बुंध्याभोवती अर्ध्या वर्तुळात कुदळीनं मुळं तोडा, तिथे नवी तंतुमुळं येऊ द्या, मग उरलेलं अर्धं. पानगळीच्या झाडाला पानं नसताना उचला, आणि मातीचा गोळा गोणपाटात घट्ट बांधा. चाफ्याला एवढंही लागत नाही. हातभर फांदी कापा, चीक वाळेपर्यंत आठवडाभर सावलीत ठेवा, नव्या जागी रोवा.

झाड मोठं असेल तर ओळखीच्या वृक्षतज्ज्ञाला दाखवा, झाड तोडण्याचे स्थानिक नियम पाहा आणि निर्णय लांबवू नका. दर वर्षागणिक काम अवघड आणि जीव जास्त गुंततो. माझ्या गुलमोहराच्या जागेपासून थोडं अलीकडे आता पारिजातक आहे. भिंतीपासून साडेअकरा फूट, टेप दोनदा लावून.